प्लेटवर न उगवणाऱ्याचा डीएनए: संत्र्याच्या शिरेतला भाडेकरू

मध्यशीर (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर कुणीतरी मला विचारलं होतं, "जो जिवाणू लॅबमध्ये वाढतच नाही, त्याचा डीएनए तुम्ही लोक काढता कुठून?" तेव्हा "सवडीने लिहिते" म्हणून मी सटकले होते. आज आमचा सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवायचं यंत्र) दुरुस्तीला गेलाय, त्यामुळे सवडच सवड आहे.

कॉलेजात शिकवतात ती रीत सरळ आहे. जिवाणू आगरच्या (खाणं घातलेल्या जेलीच्या) प्लेटवर पसरायचा, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा, सकाळी एक कॉलनी, म्हणजे उगवलेला ठिपका, उचलून ब्रॉथमध्ये (पातळ खाद्यात) वाढवायची, स्पिन करून तळाला बसलेला गोळा घ्यायचा आणि पेशी फोडायच्या. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढा माल हाताशी असला की हात थोडा चुकला तरी झाकून जातं.

पण सगळे जिवाणू असे माणसाळलेले नसतात. मातीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या आणि तीच माती प्लेटवर पसरली, तर उगवलेल्या कॉलन्या मोजलेल्या पेशींच्या टक्काभरही भरत नाहीत. या तफावतीला १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का या दोघांनी 'प्लेटवरच्या मोजणीची महाविसंगती' असं नाव दिलं. कुणाला आपलं खाणं मिळत नाही, कुणाला शेजारी लागतात, कुणाला ऑक्सिजन सोसत नाही, तर कुणी इतका सावकाश वाढतो की तोवर बुरशी सगळी प्लेट व्यापून टाकते.

माझा रोजचा संबंध येतो तो यांच्यातल्या एका महाहट्टी प्राण्याशी: कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस. संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या ग्रीनिंग रोगामागे हा आहे. चीनमध्ये या रोगाला ह्वांगलोंगबिंग म्हणतात. पान एका बाजूने पिवळं, एका बाजूने हिरवं राहतं, फळ वाकडं आणि कडवट होतं, झाड वर्षानुवर्षं झुरत जातं. फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. त्याआधी तिथे एका हंगामात २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती, २०२२-२३ मध्ये २ कोटीसुद्धा निघाली नाहीत. वादळं वगैरे कारणंही होती, पण मोठा वाटा याचाच.

आपला संबंध जुना आहे. हा रोग सायला नावाची चिमुकली कीड पसरवते, हे भारतात दाखवलं कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी, पुण्यात काम करताना, १९६७ मध्ये. त्या काळी सगळ्यांना हा विषाणू वाटत होता. १९७० मध्ये फ्रान्समध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूसारखी शरीरं दिसली. १९९४ मध्ये त्याच्या १६एस जनुकाचा (हे प्रत्येक जिवाणूत असतं, ओळख पटवायला वापरतात) क्रम वाचून त्याला नाव मिळालं. शुद्ध कल्चरमध्ये टिकवून वाढवणं मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. म्हणजे ओळख पटली ती डीएनएवरून, चेहरा न बघता.

तर डीएनए कुठून? थेट झाडातून. हा जिवाणू राहतो रसवाहिन्यांमध्ये, म्हणून पानाचा पसरट भाग टाकून द्यायचा आणि देठ व मधली शीर घ्यायची. नवीन मुलांना मी हेच काम आधी देते: ब्लेडने दोन्ही बाजूंची पात कापायची, उरलेली शीर भाजी चिरतो तशी बारीक चिरायची. २०० मिलिग्रॅम पुरते. ती खलात टाकून वरून लिक्विड नायट्रोजन ओतायचा आणि बत्त्याने कुटायची. खल धुमसतो, शीर काचेसारखी तडतडते आणि दोन मिनिटांत फिकट हिरवी पिठी होते. ही पिठी वितळू द्यायची नाही. एकदा ओली झाली की पेशीतली विकरं डीएनए खायला लागतात आणि पॉलिफेनॉल तपकिरी होऊन त्याला चिकटतात. सफरचंद चिरून ठेवल्यावर काळं पडतं, तोच प्रकार.

मग सीटॅब. हा एक साबणच आहे, पण संत्र्यासारख्या चिकट झाडासाठी रामबाण. २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, ट्रिस, ईडीटीए, पॉलिफेनॉल धरून ठेवायला पीव्हीपी, आणि फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) नाक लांब ठेवून, तपकिरी पडणं रोखायला थोडं मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांना अर्धा-पाऊण तास. मीठ एवढं जास्त का? ०.७ मोलरच्या खाली गेलं की सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतो. मीठ भरपूर असलं की डीएनए वर पाण्यात राहतो आणि बुळबुळीत शर्करा सीटॅबबरोबर निघून जातात. मग क्लोरोफॉर्म, स्पिन, वरचा थर अलगद उचलायचा, त्यात गार आयसोप्रोपेनॉल. नळी उलटीसुलटी केली की पांढरा धागा दिसतो. तो ७० टक्के इथेनॉलने धुवायचा, वाळवायचा, विरघळवायचा. झाला डीएनए.

नवीन माणूस इथे खुश होतो आणि मी विचारते, "कुणाचा?"

कारण नळीत जो धागा दिसला तो जवळजवळ सगळा झाडाचा असतो. गोड संत्र्याचा, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातीचा, जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा मजकूर, आहे सुमारे ३७ कोटी अक्षरांचा, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. या जिवाणूचा आख्खा जीनोम १२ लाख ३० हजारांचा. झाडाच्या प्रत्येक पेशीत एक जिवाणू आहे असं धरलं (तितके नसतातच) तरी १००० तुकडे वाचल्यावर त्यातले दोनही त्याचे निघणार नाहीत. हरितलवकांचा आणि मायटोकॉन्ड्रियांचा डीएनए अजून मी धरलेलाच नाही.

तरी त्याचा पूर्ण जीनोम २००९ मध्ये वाचला गेला. कशातून? एका सायलातून. एका. तांदळाच्या दाण्याहून लहान, तीन-चार मिलिमीटरचा किडा. ज्याच्यात जिवाणू भरपूर आहेत असा एक निवडला, डीएनए काढला आणि तो फाय-२९ नावाच्या विकराने वाढवून घेतला. हे विकर ३० अंशांवर, गरम-थंड न करता, मिळेल त्या डीएनएच्या लांबच लांब प्रती काढत सुटतं. एका लिबेरिबॅक्टरच्या डीएनएचं वजन साधारण १.३ फेम्टोग्रॅम. ग्रॅमचे १००० भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा १०००, असं पाच वेळा. तेवढ्यावरून सुरुवात करून वाचण्याजोगा माल तयार होतो.

पण सायला ही सुद्धा एक चाळच आहे. त्याच्या पोटात कार्सोनेला आणि प्रॉफ्टेला हे दोन पिढीजात भाडेकरू, शिवाय बहुधा वोल्बाकिया. तेही प्लेटवर येत नाहीत. नळीत सगळे एकत्र. नंतर कागदावर एकेकाचं बिऱ्हाड वेगळं करायचं.

थोडक्यात, न वाढणाऱ्या जिवाणूचा डीएनए मिळणं ही फार मोठी अडचण नाही. मिळाला तो कुणाचा, आणि कुणाचा मिळालाच नाही, इथे खरी मारामारी आहे. प्रश्न विचारा, आज मोकळी आहे.

---

ढोबळमानाने

वाखुसा (वाचनखूण साठवली). फार सुरेख. एक बाळबोध शंका: झाडाच्या रसात वाढतो ना? मग तोच रस काढून प्लेटमध्ये घालायचा. कुणी करून बघितलं नाही का?

---

मध्यशीर

@ढोबळमानाने, बाळबोध अजिबात नाही, बऱ्याच लोकांनी उमेदीची वर्षं यात घालवली आहेत. मोसंबीचा रस घालून, सोबतीला दुसरे जिवाणू ठेवून, बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) करून पाहिलं. काही दिवस टिकतो, थोडा वाढतोही, मग मान टाकतो.

जीनोम वाचल्यावर थोडा उलगडा झाला. पिढ्यानपिढ्या तयार ताटावर बसल्यामुळे बऱ्याच गोष्टी स्वतः बनवायची जनुकंच त्याने टाकून दिली आहेत. उलट एटीपी, म्हणजे पेशीची तयार ऊर्जा, यजमानाकडून ओढून घ्यायचा पंप त्याच्याकडे आहे. स्वतःला एटीपी बनवता येतं, तरी शेजाऱ्याच्या तारेवर आकडा टाकलेला! असा इसम प्लेटवर एकटा ठेवला की अंधारच.

गंमत म्हणजे त्याचा एक भाऊ, लिबेरिबॅक्टर क्रेसेन्स, पपईच्या कुळातल्या एका झाडातून मिळाला आणि तो मात्र प्लेटवर वाढतो. २०१२ मध्ये त्याचा जीनोम आला. दोघांच्या जनुकांची यादी शेजारी ठेवली की याने काय काय गमावलंय ते दिसतं. औषधं तपासायला भावालाच पुढे करतात.

---

कागदीलिंबू

नावापुढे ते कॅन्डिडेटस काय आहे? आडनाव?

---

मध्यशीर

उमेदवार! खरंच तोच अर्थ. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराशुभ्र झगा घालायचा, त्यावरून तो शब्द आला. आपल्याकडेही पांढरे कपडेच चालतात म्हणा.

नियम असा की जिवाणूला पक्कं नाव हवं असेल तर त्याचं जिवंत कल्चर दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावं लागतं. असा एक मोठा संग्रह पुण्यात आहे, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. जो वाढतच नाही त्याचं जमा काय करणार? म्हणून हा १९९४ पासून उमेदवारच. अर्ज भरलाय, डिपॉझिट भरता येत नाही. २०२२ मध्ये काही मंडळींनी नुसत्या डीएनए क्रमावर नाव देणारी वेगळी नियमावली काढली, पण जुनी मंडळी अजून नाकं मुरडतात.

---

वरूडचा_भाऊ

ताई, तुमचं सगळं वाचलं, अर्धं समजलं. माहा ४०० झाडायचा संत्रा हाय, जंबेरीच्या खुंटावर. दोन साल झाले काही झाडं पिवळी पडून रायली. कृषी केंद्रवाला म्हणे झिंक मारा, मारलं. मग म्हणे डिंक्या असन, खोडातून डिंक गळते तो रोग, बोर्डोपेस्ट लावली. काही फरक नाही. आता मले सांगा, हे डीएनएचं काम माह्यासारख्यानं कसं करून घ्यावं? आन् दरवेळी लॅबच लागते काय?

---

मध्यशीर

भाऊ, दरवेळी लॅब लागत नाही. आधी घरच्या घरी दोन गोष्टी करून बघा.

पहिली पेनची. पिवळं झालेलं पान घ्या. मधल्या शिरेच्या डाव्या-उजव्या बाजूला, समोरासमोर, पेनने दोन सारखे गोल काढा. झिंक कमी असेल तर दोन्ही गोलांतली नक्षी साधारण सारखी दिसते, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. ग्रीनिंगमध्ये दोन्ही बाजू जुळत नाहीत. एका गोलात हिरवं, दुसऱ्यात पिवळं, आणि पिवळेपणा शिरा ओलांडून गेलेला.

दुसरी आयोडीनची. रसवाहिन्या तुंबल्या की पानात तयार झालेलं पिठूळ (स्टार्च) पानातच साचतं. पॉलिश पेपरचा लहानसा तुकडा घेऊन पानावर १५-२० वेळा घासा, तो तुकडा थोड्या पाण्यात खळबळवा आणि त्यात आयोडीनचे एक-दोन थेंब टाका. पाणी काळपट झालं तर पानात पिठूळ फार. शेजारच्या तजेलदार झाडाचं पानही तसंच तपासा, नाहीतर तुलना कशाशी करणार? हे पक्कं निदान नाही. साल कुजलेली असली किंवा फांदी आवळली गेली असली तरी पिठूळ साचतं. पण ४०० झाडांतून आमच्या लॅबला कुठल्यांची पानं पाठवायची ते यावरून ठरतं.

नमुना घेताना: एकाच फांदीची पानं घेऊ नका. हा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एक फांदी भरलेली आणि शेजारची कोरी असं असतं. चारही बाजूंची, पूर्ण वाढलेली, देठासकट पानं घ्या. कोवळी लवलव नको. वर्तमानपत्रात गुंडाळा, ओली करू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आणि नवीन फुटीवर सायला शोधा. पार्श्वभाग वर करून, तिरका बसतो. पिल्लं पांढरे मेणाचे वळलेले दोरे सोडतात, तेच आधी नजरेत भरतात. तुम्ही ज्या झाडांवरून कलमासाठी डोळे (कळ्या) काढता ती आधी तपासा. सायला एक-एक झाड करत जाईल, डोळा मात्र आजारी झाडावरचा असला तर रोग कलमाबरोबर गावोगाव पोचतो.

---

थंडपाय

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडचा न वाढणारा म्हणजे कुष्ठरोगाचा जिवाणू. हान्सेनने तो १८७३ मध्ये पाहिला. आज दीडशे वर्षं झाली, प्लेटवर आलेला नाही. दुप्पट व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. १९६० मध्ये शेपर्डने उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, कारण त्याला थंड जागा आवडते (माझ्या आयडीचं रहस्य कळलं असेल). मग १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत (अमेरिकेतला एक कवचधारी प्राणी). त्या प्राण्याचं शरीरच आपल्यापेक्षा थंड असतं, त्याच्या यकृत-प्लीहेत हे जिवाणू भरभरून मिळतात.

२००१ मध्ये जो जीनोम वाचला गेला तो असाच, आर्माडिलोत वाढवलेल्या जिवाणूंचा, आणि मूळ जिवाणू तामिळनाडूतल्या रुग्णाकडचे. ३२.७ लाख अक्षरं, चालू जनुकं १६०० च्या आसपास आणि मोडकी, निकामी जनुकं ११०० च्या वर. क्षयाच्या जिवाणूकडे चालू जनुकं ४००० च्या घरात. तुम्ही म्हणता तेच, तयार ताटावर बसून संसार विकून टाकला.

पण एक फरक आहे. तुमचा जिवाणू नाजूक दिसतो, आमचा फोडणं हेच दिव्य. मायकोलिक आम्लांचं मेणचट कवच, साध्या साबणाला दाद देत नाही. गोठवा-वितळवा, पुन्हा गोठवा, रात्रभर प्रोटिनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर), बारीक काचेच्या मण्यांबरोबर घुसळणं, एवढं सगळं केल्यावर कुठे डीएनए बाहेर येतो.

---

मध्यशीर

@थंडपाय, दंडवत! आर्माडिलोबद्दल ऐकून होते, नमुना तामिळनाडूचा हे माहीत नव्हतं.

आणि फोडण्याचा मुद्दा लाखमोलाचा. याच्या अगदी उलट टोक म्हणजे मिठात राहणारे हॅलोआर्किया. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना, ते यांच्यामुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं होतं. ते जिवाणू नव्हेत, आर्किया, म्हणजे तसेच एकपेशीय पण वेगळ्या घराण्यातले, पण फोडण्यापुरतं उदाहरण चालेल. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना साध्या डिस्टिल्ड पाण्यात टाकलं की फटकन फुटतात. एकाला पाणी पुरतं, दुसऱ्याला रात्रभर प्रोटिनेज-के देऊन वर मण्यांनी झोडपावं लागतं.

---

कोडवाला_बंगळुरू

लेख छान, पण थोडा वाद घालतो. हे कुटणं, धुणं, वेगळं करणं आता जुनं झालं. सगळा डीएनए एकदम वाचा, बाकी कंप्यूटर बघून घेईल. मेटाजीनोम (एका जागेतल्या सगळ्या जीवांचा एकत्र डीएनए) हा शब्दच १९९८ चा आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खाणीच्या आम्लपाण्यातून, काहीही न वाढवता, दोन जीव जवळजवळ पूर्ण जुळवून काढले होते. आज तर एका मातीच्या नमुन्यातून शेकडो जीनोम निघतात. झाडाचा डीएनए जास्त येतो? जास्त वाचा. वाचन स्वस्त झालंय.

---

मध्यशीर

@कोडवाला, तुमचं निम्मं मान्य. त्या खाणीत जीवच मोजके होते म्हणून तेव्हा जमलं, आता गर्दीतही जमतं, हेही मान्य.

पण जो फुटलाच नाही तो नळीत नाही, आणि जो नळीत नाही तो कंप्यूटरला दिसत नाही. एकाच मातीचे दोन भाग करा. एकाला नुसता साबण लावा, दुसऱ्याला मण्यांनी घुसळा. दोन्हींचा डीएनए तुमच्याकडे पाठवते. तुमचा प्रोग्रॅम दोन वेगवेगळी गावं दाखवेल, आणि दोन्ही सुबक आलेखांसकट! साबणवाल्या गावात जाड भिंतीवाले जवळपास बेपत्ता. मण्यांनी फार वेळ घुसळलं तर जाड भिंतीवाले येतात, पण जे आधीच फुटले होते त्यांच्या डीएनएचे तोवर तुकडे-तुकडे झालेले. मधला रस्ता प्रत्येक नमुन्याचा वेगळा, तो हातानेच शोधावा लागतो.

दुसरं, झाडात १६एस वाचायला गेलात की हरितलवक आडवं येतं. तेही मुळात जिवाणूच, सायनोबॅक्टेरियाच्या घराण्यातला, झाडाने कधीकाळी पोटात घेतलेला, त्यामुळे जिवाणूंसाठी बनवलेले प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्याला घरचं समजून चिकटतात. एका पोराने माझ्याकडे अभिमानाने ९० टक्के 'सायनोबॅक्टेरिया' आणून दाखवले होते. म्हटलं, बाळा, हे संत्र्याचं पान आहे. त्यावर हरितलवक वगळणारे प्रायमर आहेत, अडवून धरणारे कृत्रिम तुकडे आहेत, पण तेही आपल्यापरीने पक्षपात करतातच.

आणि तिसरं, माझी स्वतःची फजिती. आमच्या इथलीच, दोष माझाच. सायलाच्या अगदी थोड्या डीएनएवर फाय-२९ लावलं होतं. सकाळी भरघोस डीएनए. जेलवर, म्हणजे डीएनए बघायच्या जेलीच्या वडीवर, लखलखीत बँड (डीएनएचा पट्टा). जेलच्या विहिरी (नमुना भरायच्या खाचा) कमी पडल्या म्हणून ब्लँकची नळी, ज्यात नुसतं पाणी होतं, ती मी लोडच केली नाही. "त्यात काय असणार?" पुढचं सगळं त्या मालावर केलं. वाचून आलं तर निम्म्याहून जास्त क्रम पाण्यात राहणाऱ्या साध्या जिवाणूंचे, थोडा माणसाचा. बहुधा माझाच. मग ब्लँक बाहेर काढून लोड केली. तिच्यातही तेवढाच लखलखीत बँड. किटमध्ये (तयार रसायनांच्या संचात), पाण्यात, पिपेटच्या टिपांवर जिवाणूंच्या डीएनएचा कण असतोच. कल्चरमधून काढलेल्या डीएनएसमोर तो नगण्य. फेम्टोग्रॅमच्या राज्यात तोच राजा. तेव्हापासून ब्लँक पहिल्या विहिरीत, नमुने नंतर.

---

कोडवाला_बंगळुरू

विहिरीचा किस्सा वाचून हसलो, मग गेल्या वर्षीच्या आमच्या डेटात ब्लँक होता का ते बघायला गेलो. नव्हता. आता हसत नाही.

---

शंकेखोर

पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढून बघायची चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे जिवाणू जिवंत, असं कसं म्हणता येईल? मेलेल्याचा डीएनएही येतच असेल की.

---

मध्यशीर

येतो. प्लेटचा एक मोठा गुण होता, जो उगवला तो जिवंत, वाद संपला. तो आधार इथे नाही. औषध दिल्यावर झाड अजून पॉझिटिव्ह का, हा वाद याच्यामुळे होतो.

एक तोडगा: पीएमए नावाचा रंग. तो धड असलेल्या पेशीत शिरत नाही, फाटलेल्या पेशीत शिरतो, आणि प्रखर उजेड टाकला की डीएनएला कायमचा चिकटतो. मग पीसीआर त्या डीएनएला वाचू शकत नाही, उरतो तो धड पेशींचा. कागदावर सुंदर. पण हे सगळं कुटायच्या आधी करावं लागतं, आणि पेशी तर शिरेच्या आत. हिरव्या गढूळ रसात उजेडही नीट पोचत नाही. म्हणून मी एका निकालावर बोलतच नाही, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा नमुना घेते. सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला डीएनए दिसला तो आकडा) साधारण ३.३ ने वाढला म्हणजे डीएनए दसपटीने घटला, हा कल बघायचा.

---

एमेस्सी_भाग२

ताई, योग्य वेळी धागा आला! माझा प्रोजेक्ट लिंबावर आहे. पेलेट (तळाचा गोळा) तपकिरी येतो, बुळबुळीत, पिपेटमध्ये तारा निघतात. शुद्धता सांगणारी गुणोत्तरं: २६०/२८० (प्रथिनांचा मळ) बरोबर १.८, पण २६०/२३० (शर्करा वगैरेंचा मळ) फक्त ०.६, फार कमी. पीसीआर पूर्ण कोरा. गाइड म्हणतात नवीन किट मागवू. पैसे नाहीत.

---

मध्यशीर

किट नको. तपकिरी म्हणजे पॉलिफेनॉल: मर्कॅप्टोइथेनॉल बफरमध्ये आयत्या वेळी घालतेस/घालतोस ना? बाटलीत महिनाभर घालून ठेवलेलं निरुपयोगी. पीव्हीपी वाढव. पिठी वितळायच्या आत बफर पडायला हवा, आणि बफर आधीच ६५ अंशांना तापवलेला हवा.

तारा म्हणजे शर्करा. आहे तो डीएनए टाकू नकोस. जास्त मिठाच्या सीटॅबमध्ये पुन्हा घेऊन क्लोरोफॉर्म आणखी एकदा दे. वरचा थर उचलताना लोभ नको, मधल्या पांढऱ्या साईपासून जरा लांबच राहा, थोडा डीएनए गेला तर गेला. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धू.

आणि हे सगळं करायच्या आधी, आत्ताच, आहे तोच डीएनए दहापट पातळ करून पीसीआर लाव. जिवाणूचा डीएनए पातळ होतो तसा पीसीआर अडवणारा मळही पातळ होतो, आणि बऱ्याचदा मळाची अडचण मोठी असते. शेजारी झाडाच्या स्वतःच्या जनुकाचाही पीसीआर ठेव. तोही कोरा आला तर दोष मळाचा. तो आला आणि जिवाणूचा नाही आला, तरच 'नाही' म्हण.

---

एमेस्सी_भाग२

घालतेस :) दहापट पातळ केल्यावर झाडाचं जनुक आलं!! जिवाणूचं नाही आलं, पण निदान आता ते 'नाही' खरं आहे. किटच्या मागणीचा कागद फाडला. आणि हो, ब्लँक पहिल्या विहिरीत, कोरी.

---

वरूडचा_भाऊ

ताई, पॉलिश पेपरचं केलं. पोरगा म्हणे, बाबा शाळेतला प्रयोग करून रायले. नऊ पिवळी झाडं पायली, दोन चांगली. तीन पिवळ्यायचं पाणी शाईवानी काळं झालं, चांगल्यायचं तसंच रायलं. पेनचे गोल काढले त्याच तीन झाडायवर जुळत नाही. त्यातल्या एका झाडावरून मागच्या साली शेजाऱ्यानं डोळे नेले होते, त्याले आजच सांगतलं. पानं बांधून ठेवली, उद्या शुक्रवारी कुरिअर करतो.

---

मध्यशीर

भाऊ, शुक्रवारी टाकू नका. शनिवार-रविवार पाकीट कुरिअरच्या ऑफिसात उकडत पडतं आणि सोमवारी माझ्याकडे चहाची पत्ती येते. पानं आज काढलीच असतील तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कागदातच ठेवा, आणि सोमवारी सकाळी टाका. प्रत्येक पुडीवर झाडाचा नंबर पेन्सिलने लिहा, पेनची शाई ओलीने पसरते. त्या दोन चांगल्या झाडांची पानंही पाठवा. आणि शेजाऱ्याने नेलेले डोळे कुठल्या रोपांवर भरले ते त्यांना आठवत असेल तर त्या रोपांची पानंही त्याच पाकिटात येऊ द्या.